बरोबर सात

मी गोळ्या मोजते. कुणी विचारलं तर औषधनिर्माती असं सांगते, कारण तसं म्हटलं की समोरचा माणूस जरा सरळ बसतो. पण काम मोजण्याचंच. इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखाना आणि मोडक्या खाटांची खोली यांच्यामध्ये आमचं संशोधन केंद्र आहे. केंद्र म्हणजे तीन खोल्या. एकीत मोठे डॉक्टर बसतात, दुसरीत रुग्णांना प्रश्न विचारतात आणि तिसरीत, जिला खिडकी नाही, मी बसते. माझ्याकडे एक कुलूपबंद कपाट, गोळ्या मोजायचं निळं तबक, एक चपटी पट्टी आणि एक नोंदवही. एकोणीस वर्षांत माझा आकडा कधी चुकलेला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवतही नाही.

गेली तीन वर्षं आमच्याकडे मोठ्या माणसांच्या एडीएचडीवरच्या एका औषधाची चाचणी चालू आहे. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, हातातलं काम सुटतं, आत सतत चुळबुळ चालू. लोकांना वाटतं हा लहान मुलांचा आजार. पण ती मुलं मोठी होतात आणि आजारही त्यांच्याबरोबर मोठा होतो, फक्त तोवर त्याला आळस, वेंधळेपणा, बेपर्वाई अशी घरगुती नावं पडलेली असतात. आमच्या चाचणीत अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळते आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ. कुणाला कुठली, ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना, ना मला.

पद्धत सोपी आहे. बाटलीत पस्तीस गोळ्या. रोज सकाळी एक, दोन कधीच नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी बाटली परत आणायची आणि नवी न्यायची. एखाद्याला यायला उशीर झाला तर हाताशी असाव्यात म्हणून सात जास्त. अशा चार बाटल्या झाल्या की चाचणी पुरी, आणि जो पुरी करेल त्याला पुढे वर्षभर खरं औषध आणि दर महिन्याला डॉक्टर. बाहेर मोठ्या माणसांच्या या आजारासाठी दीड वर्षाची रांग होती, त्यामुळे त्या एका वर्षासाठी लोक जीव टाकत.

बाटली देताना मी प्रत्येकाला एक वाक्य सांगायची. "परत आणाल तेव्हा सात उरल्या पाहिजेत हं, लक्षात ठेवा." ते सांगायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझ्याच पदरचं. विसराळू माणसं, तेवढीच मदत, असं मला वाटायचं. शिवाय प्रत्येकाच्या भेटीच्या आदल्या दिवशी मी स्वतः फोन करायची, "उद्या यायचंय, बाटली विसरू नका." माझ्यामुळे आमच्या केंद्रात भेटी चुकत नसत. मोठ्या डॉक्टरांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं की बाईंचा रकाना बघावा, काय स्वच्छ आहे. ते मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

तर अशा या खोलीत एक दिवस टेलरबाई आली.

वय त्रेचाळीस. केसांत टाचणी खोचलेली, म्हणजे खरोखरची टाचणी, शिवणाची. एका पायातला मोजा काळा, दुसऱ्यातला गडद निळा. तिची दोन गल्ल्या पलीकडे जिन्याखालची टपरीवजा टेलरिंगची जागा होती. नवे कपडे तिने चार वर्षांपूर्वीच बंद केले होते, आता फक्त दुरुस्ती: चेन बदलणं, कंबर सैल करणं, पँट आखूड करणं, काज, बटणं. घरचे तिला "राहिलंच" म्हणत. कारण दिवसातून दहा वेळा ती कपाळावर हात मारून "अगं बाई, राहिलंच!" म्हणायची. नवरा हाक मारताना सरळ "ए राहिलंच" म्हणत असे, आणि तीही ओ द्यायची. नाव कुणी ठेवलं ते विचारल्यावर म्हणाली, "ठेवलं कुणी नाही ताई, मीच मिळवलंय."

निदानाच्या दिवशी दुसऱ्या खोलीत तिला अठरा प्रश्न विचारले. मी दाराशी फाइल घेऊन उभी होते. काम शेवटाला नेताना अडखळता का? भेटीच्या वेळा विसरता का? वस्तू सापडत नाहीत का? नवव्या प्रश्नाला ती हसायला लागली. "हे आमच्या ह्यांनी लिहून दिलेत का तुम्हाला?" बाराव्या प्रश्नाला मात्र ती रडत होती. पुढचे प्रश्न डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास देऊन, थांबून थांबून विचारले.

शेवटी तिने त्यांना एकच विचारलं. "म्हणजे मी आळशी नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"हे कागदावर मिळेल का?"

घरच्या माणसानेही एक फॉर्म भरायचा असतो, म्हणून तिचा नवरा आला होता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दमलेला, पण वाईट माणूस नव्हे. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी होत्या: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. त्याने सगळीकडे नेहमीवर खूण केली आणि मला विचारलं, "याच्यापुढे चौकट नाही का?" मग पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "मी रोज लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढतो बाई. हिला काढायचं कसं, ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही." बायको शेजारीच बसली होती. तिने मान खाली घातली आणि त्याच्या बाहीचं सुटलेलं बटण चाचपत राहिली.

आमच्याकडे गोळी घेणाऱ्यांचा रक्तदाब दोनदा घेतात, मध्ये पंधरा मिनिटं बसवून. बाहेर बाक एकच आणि तोही डुगडुगणारा, म्हणून बायकांना मी माझ्या खोलीत बसवते. तेवढ्या पंधरा मिनिटांत टेलरबाईने मला तिचं आयुष्य सांगितलं. आधी शेवट, मग मधलं, मग सुरुवात, आणि मध्येच माझ्या कोटाकडे बोट दाखवून, "ताई, तुमच्या बाह्या लांब आहेत हो, तबकात लोळतात. आणा, दोन बोटं आखूड करून देते." मी म्हटलं, रुग्णाकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. ती म्हणाली, "घेऊ नका, बाह्या द्या." मला हसू आलं, पण कोट दिला नाही.

शिवण तिला आईने शिकवलं. ती जिन्याखालची जागा आईचीच. आई समोर स्टुलावर बसून बटणं लावायची आणि ही मशीनवर. आई काही बोलत नसे, मदत करत नसे, नुसती समोर बसलेली असायची, आणि तेवढ्याने हिचं काम पुरं व्हायचं. "कसं काय ते मला कळलं नाही ताई. ती बाथरूमला गेली तरी माझा हात थांबायचा." चार वर्षांपूर्वी आई गेली. स्टूल राहिलं. आणि त्या स्टुलावर पहिल्याच महिन्यात कपड्यांचा ढीग चढला.

मग तिने मला ढिगातले किस्से ऐकवले. एका मुलीचा गणवेश लांब करायचा होता. हिने तो हातात घेईतो मुलगी दोन इंच वाढली, मग तो परत लांब केला, तोवर मुलीने शाळाच बदलली. एका गृहस्थाच्या पँटचा एक पाय आखूड झाला आणि दुसरा राहिला, आणि तो बिचारा घाईत न बघता घेऊन गेला. हे सांगताना ती इतकी हसली की दुसऱ्यांदा घेतलेला रक्तदाब वर गेला आणि तो मला पुन्हा घ्यावा लागला. पण हसू ओसरल्यावर म्हणाली, "सकाळी कुलूप उघडते ना, तेव्हा परत बंद करावंसं वाटतं. ढीग माझ्याकडे बघतो. एक उचलते, तर दुसऱ्याची चेन दिसते. तिसऱ्याचा फोन येतो. संध्याकाळी बघते तर सतरा कपड्यांना हात लागलाय आणि झालेला एकही नाही. पळून जावं म्हटलं तर लोकांचे कपडे आहेत ताई. कपडे सोडून कसं पळायचं?"

पहिली बाटली परत आली. बरोबर सात. दुसरी आली. बरोबर सात. दुसऱ्या खेपेला तिचा चेहराही जरा उजळ होता. "परवा एक शर्ट उचलला आणि संपवला. संपल्यावर कळलं की संपवला." गोळीबद्दल आम्ही काही बोलायचं नसतं. मनातून मात्र मला बरं वाटलं. मी वहीत सात लिहिले आणि पुढच्या भेटीची तारीख तिच्या हातावरच पेनाने लिहून दिली.

तिसऱ्या भेटीला ती दोन दिवस आधी आली.

माझा फोनही गेला नव्हता आणि ही सकाळी नऊला दारात. धापा टाकत होती. "चुकेल चुकेल म्हणून आजच आले. चालेल ना?" नियमात तीन दिवस अलीकडे-पलीकडे चालतं. मी म्हटलं, चालेल की, आयुष्यात पहिल्यांदा लवकर आलात, बसा. तिने बाटली पुढे केली. मी गोळ्या तबकात ओतल्या आणि पट्टीने सरकवल्या. सात.

सव्विसावा दिवस होता. नऊ हव्या होत्या.

मी पुन्हा मोजल्या. मला दुसऱ्यांदा मोजावं लागत नाही, पण मोजल्या. मग म्हटलं, "टेलरबाई, दोन दिवस दोन-दोन घेतल्या का?"

"नाही नाही!" ती घाईने म्हणाली. "रोज एकच. शप्पथ."

"मग सव्वीस दिवसांत अठ्ठावीस कशा गेल्या?"

तिला आधी कळलंच नाही. तिने बोटांवर मोजलं. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी आजवर माणसं घाबरलेली पाहिली आहेत, सुईला, रक्ताला, निदानाला. पण वजाबाकीला इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. दोन-दोन घेतल्या म्हणावं तर औषध जास्त घेतलं, तात्काळ डॉक्टरांकडे नोंद आणि चाचणी बंद. घेतल्या नाहीत म्हणावं, तर मग त्या गेल्या कुठे? बिचारी दोन्हीकडून अडकली. आणि तिला अडकवायला मी समोर, वही उघडून.

"सात उरल्या पाहिजेत, असं तुम्ही म्हणाला होतात," ती अगदी हळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बटणांचा डबा आणला. पत्र्याचा, झाकणाला पोचा आलेला, आईचा. आत शर्टाची पांढरी बटणं आणि त्यांच्यात आमच्या पांढऱ्या गोळ्या. सकाळी घ्यायची राहून जायची. दुपारी आठवायची, पण सकाळीच घ्या असं सांगितलेलं. भेटीच्या दिवशी बाटलीत सतरा-अठरा असायच्या, मग सात ठेवून उरलेल्या डब्यात. "फेकवल्या नाहीत ताई. औषध आहे ना." मी बटणं एकीकडे आणि गोळ्या एकीकडे केल्या. एकतीस गोळ्या. ब्याऐंशी दिवसांत तिने त्रेपन्न घेतल्या होत्या. चाचणीत राहायला शेकडा ऐंशी हव्यात, तिच्या पासष्टही भरत नव्हत्या.

"हे लिहायलाच हवं का?" तिने विचारलं.

मी वही पुढे ओढली. ती रडली नाही, हात जोडले नाहीत. फक्त म्हणाली, "एकच बाटली राहिली होती. मग वर्षभर मिळणार होतं." आणि रिकामा डबा उराशी धरून बसली. मला तिचा राग आला. खरंच आला. मनात आलं, फेकून का नाही दिल्यास बाई? गटारात ओतल्या असत्यास तर मला कळलंही नसतं, दोन सांडल्या म्हणून काहीतरी शेरा मारला असता आणि सुटलो असतो दोघी. पण एकोणीस वर्षांचा हात. मी त्रेपन्न लिहिले.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. माणूस कोरडा नाही, पण नियम त्यांचाही नव्हता. "औषध न घेणाऱ्याला मोजणीत ठेवलं तर औषध चालतं की नाही हे कळणारच नाही, बाई. पुढच्या हजारो लोकांचा प्रश्न आहे." बरोबर होतं. त्यांनी तिला बाहेरच्या रांगेसाठी पत्र दिलं आणि बावीस पानी फॉर्म दिला. महिन्याच्या आत भरून पाठवायचा, नाहीतर पत्र रद्द. मी तो फॉर्म तिच्या पिशवीत घातला तेव्हा आम्हा दोघींनाही त्याचं काय होणार ते दिसत होतं. ज्याला फॉर्म भरता येत नाही त्यानेच बावीस पानं भरून दाखवायची, तेव्हा त्याला फॉर्म भरता येत नाही याचा इलाज मिळणार. ही रांग ज्याने आखली त्याच्या डोक्याची कमाल आहे.

ती गेली आणि मी वही उघडून बसले. आधीची पानं चाळली. सात. सात. सात. आठ. सात. सात. तोवर एकशे नव्वद बाटल्या परत आल्या होत्या आणि त्यांतल्या एकशे त्रेसष्टांत बरोबर सात. माझा स्वच्छ रकाना. ज्या माणसांना चुलीवरचं दूध आठवत नाही, किल्ल्या आठवत नाहीत, स्वतःच्या मुलाला शाळेतून आणायचं आठवत नाही, त्यांनी अठ्ठावीस सकाळी न चुकता गोळी घेतली, आणि तीही एकाने नाही, जवळजवळ सगळ्यांनी. तीन वर्षं मी हे बघून खूश होत होते. अक्कल गहाण पडली होती माझी. मीच त्यांना पहिल्या दिवशी उत्तर सांगत होते आणि आदल्या दिवशी फोन करून आठवणही देत होते. त्यांनी काय करायचं? त्यांनाही ते वर्ष हवं होतं. आणि कुणी घेतल्या, कुणी ओतल्या, हे आता त्या सातांकडे बघून देवालाही सांगता आलं नसतं.

मी मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहायला घेतलं. "माझ्या एका सवयीमुळे मोजणीवर परिणाम झाला असण्याची शक्यता" इथपर्यंत आले आणि थांबले. चाचणी बंद पडेल. तीन वर्षं जातील. माझी एकोणीस जातील. पत्र खणात ठेवलं, दुसऱ्या दिवशी काढलं, एक ओळ खोडली, परत ठेवलं. सकाळी खोलीचं कुलूप उघडलं की मलाही ते परत बंद करावंसं वाटायला लागलं. खिडकी नसल्याचा मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्रास झाला.

सव्वीस दिवसांनी मी कोट घेऊन टेलरबाईकडे गेले. ती आता रुग्ण नव्हती, नियम आडवा येत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत गेले, दोन वाजता.

जागा तिने सांगितली होती त्याहून लहान होती. डोक्यावर जिना, कुणी वर गेलं की आत धूळ पडायची. मशीन, इस्त्री, भिंतीवर कातऱ्या, आणि ढीग. स्टूल दिसतच नव्हतं, ढिगाखालून फक्त त्याचे तीन पाय दिसत होते. भिंतीवर टाचणीने लावलेला तो फॉर्म. सहा पानं भरलेली, सातवं निम्मं. मुदत संपायला तीन दिवस.

मला बघून तिला आनंद झाला. राग नव्हताच. हेच मला सहन होईना. "ताई! बाह्या ना? द्या, आत्ता करून देते." तिने कोट घेतला, दुमड घातली, टाचण्या लावल्या, एक बाही मशीनवर घेतली. आणि मशीन चालवता चालवता विचारलं, "एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्याकडे बाकीचे येतात ते माझ्यासारखेच ना? म्हणजे डोक्याने?"

"हो."

"मग त्यांच्या कशा हो बरोबर सात उरतात?" मशीन थांबलं. "मी रोज विचार करते. ह्यांनाही विचारलं. आजवर वाटायचं, मी शहाण्या माणसांत वेंधळी आहे. मग डॉक्टरांनी सांगितलं की नाही, तुझ्यासारखे पुष्कळ आहेत. इतकं बरं वाटलं होतं ताई. आणि आता कळलं की त्या पुष्कळांतही मी शेवटची."

दुसऱ्या रुग्णांविषयी एक शब्द बोलायचा नाही, हा आमचा सगळ्यात मोठा नियम. मी तो सही करून पाळलेला आहे. तिच्या बोटांकडे बघितलं, टाचण्यांनी टोचून टोचून भोकं पडलेली.

"नाही उरत," मी म्हटलं. "त्यांच्याही नाही उरत. ओततात कुठेतरी आणि सात घेऊन येतात. मीच सांगितला होता आकडा. नाव कुणाचं विचारू नका."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सगळे?"

"बहुतेक."

"आणि सापडले मी एकटी."

"तुम्ही दोन दिवस आधी आलात म्हणून. चुकायला नको म्हणून आलात म्हणून."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिच्या मनावरचं ओझं उतरेल. ती हसली, खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईतो. मग हसणं थांबलं आणि पाणी थांबलं नाही.

"म्हणजे लबाडीसुद्धा माझी अर्धीच राहिली," ती म्हणाली.

मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की वर जिन्यावरून कुणी गेलं, धूळ पडली, ती झटकायचंही सुचलं नाही. मी उठले. निघायला नव्हे. स्टुलावरचा ढीग दोन्ही हातांनी उचलून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसले. तिच्या समोर.

तिने नाक पुसलं, कोट ओढला आणि दुसरी बाही मशीनखाली घातली. मी नुसती समोर बसले. दहा मिनिटांत दुसरी बाही झाली. तिने दोरा तोडला, दोन्ही बाह्या शेजारी धरून मापल्या आणि स्वतःच चकित झाली. मग तिची नजर भिंतीवरच्या फॉर्मकडे गेली आणि तिथून माझ्याकडे आली.

"ताई, तुम्हाला घाई आहे का?"

घड्याळात अडीच वाजले होते. तीन वाजता एक गृहस्थ बाटली घेऊन येणार होते. आदल्या दिवशी मीच फोन केला होता. एकोणीस वर्षांत मी भेटीला उशिरा गेलेले नाही. पण त्यांच्या बाटलीत किती गोळ्या असतील, ते मला त्या स्टुलावर बसूनही सांगता आलं असतं.

मी टाचणी काढली आणि फॉर्म तिच्या पुढ्यात ठेवला.

"सातवं पान," मी म्हटलं. "लिहा. मी बसलेय."